धुण्याचा ठेका

आत्याने मशीनचं बटण बंद केलं आणि बँड कोसळला.

तिला फक्त फोन घ्यायचा होता. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या पांढऱ्या कोटांच्या रांगांमध्ये, चौघं जण वाजवत होते. भिंतीपलीकडे थोरली नावाचं धुण्याचं मशीन गरगरत होतं. आणि मधल्या दारात उभी राहून आत्या एका कानात बोट घालून "हॅलो, हॅलो" करत होती. काहीच ऐकू येईना, तेव्हा तिने हात लांब करून थोरलीचं बटण दाबलं. चार माणसांना गप्प करण्यापेक्षा एक मशीन गप्प करणं सोपं होतं.

ड्रमवर बसलेला आगाऊ आधी जरासा पुढे सरकला, मग बराच सरकला आणि मग उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखा निघालाच. त्याचं नाव आगाऊ पडलं होतं ते तोंडामुळे नव्हे, ठेक्यामुळे. दादाची गिटार त्याच्यामागे धावली. गाणाऱ्या मुलीचा आवाज घोगरा होता म्हणून तिला सगळे कोकिळा म्हणत. ती दोघांच्या तावडीत सापडून एका दमात दोन ओळी म्हणू लागली. धाकटी तेवढी आपली बेस गिटार घेऊन जिथे होती तिथेच राहिली, आणि त्यामुळे सगळ्यांत जास्त चुकलेली तीच वाटली.

दादाने हात वर केला.

"धाकटे, मागे पडलीस."

"मी इथेच होते. तुम्ही निघून गेलात."

"बँड निघाला की बेसनेही निघायचं असतं. परत खिशाच्या बाहेर."

खिसा हा दादाचा शब्द. फंक या नाचऱ्या संगीतात बेस ठेक्याच्या खिशात बसला पाहिजे, असं तो कुठूनतरी ऐकून आला होता. म्हणजे नेमकं काय, हे त्याला सांगता येत नसे. बसला नाही की कळतं, एवढंच तो म्हणे. पण लाँड्रीत हा शब्द उच्चारण्यात एक धोका होता.

"कुणाचा खिसा राहिला?" आत्याने फोनवर हात ठेवून विचारलं. "तपासल्याशिवाय कपडा आत टाकायचा नाही, हे किती वेळा सांगायचं?"

"आत्या, गाण्याचा खिसा."

"गाण्याचा असो नाहीतर गाणाऱ्याचा. उलटा करून बघायचा."

तिने फोन आटोपला, थोरली पुन्हा चालू केली आणि ती इस्त्रीकडे निघून गेली. भिंतीतून पहिला धप्प आला. आगाऊच्या हातातल्या काड्या आपोआप जागेवर आल्या. दादाने गिटारवर नुसती बोटं फिरवली आणि तीही नेमकी बसली. कोकिळाने श्वास घेतला. कुणीही ठरवलं नसताना गाणं सुरू झालं, आणि ते इतकं सुरेख होतं की दादा चिडायचं विसरला.

धाकटीने मात्र वाजवणं थांबवलं. तिची उजवी टाच नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीला टेकलेली होती. तिने ती उचलली, पुन्हा टेकवली.

"दादा," ती म्हणाली, "मघाशी थोरली बंद होती."

"मग?"

"मागच्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये आपण आपटलो, तिथेही थोरली नव्हती."

"शाळेत वॉशिंग मशीन कशाला असेल?"

"तेच म्हणतेय."

आत्याला पुन्हा बोलावण्यात आलं. थोरली बंद, बँड कोसळला. चालू, उभा राहिला. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी आत्या म्हणाली की तिच्या हाताला इतर कामं आहेत, पण तोवर गोष्ट सिद्ध झाली होती. दोन वर्षं हा बँड एका कपडे धुण्याच्या मशीनच्या तालावर वाजवत होता आणि स्वतःला फंक म्हणवून घेत होता.

थोरली हे तसं मोठं मशीन, समोरून उघडणारं, पोलादी दाराचं. धाकटीच्या जन्माआधी ते घरात आलं. आत्याने आल्याबरोबर त्याचं नाव थोरली ठेवलं, आणि नंतर भावाला मुलगी झाली तेव्हा ओघानेच तिला धाकटी म्हटलं. यात आत्याला काही विनोद दिसत नव्हता. जो क्रम होता तो होता.

ओल्या कपड्यांचा बोळा थोरलीच्या ड्रममध्ये वर चढायचा, माथ्यावर क्षणभर रेंगाळायचा आणि खाली पडायचा: धप्प. मग जरा बसायचा. त्या बसण्यात धाकटी आपला सूर टाकायची. धप्पबरोबर नाही, धप्पनंतर. पाहुणा खुर्चीत नीट टेकल्यावर मगच त्याला पाणी द्यावं तसं. आणि पुढचा धप्प यायच्या आत ती तारेवरचं बोट सैल करून सूर मिटवायची, म्हणजे पडणाऱ्याला जागा मोकळी मिळावी. तिचं अर्धं वाजवणं हे मिटवणंच होतं. हे ती कुणाकडून शिकली नव्हती. पाळण्यात असल्यापासून ती त्या धप्पवर झोपत आली होती.

शिवाय थोरली दर थोड्या वेळाने थबकायची आणि उलट्या दिशेने फिरू लागायची. त्यामुळे बँडच्या प्रत्येक गाण्यात मध्येच एकदा सगळे एकदम थांबत. ही आमची शैली आहे, असं दादा लोकांना सांगत असे.

दादा मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसला. मोठा विचार करायचा असला की तो गाठोड्यावर बसे. धाकटी त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, तो ठेका मला येतो. कुठे पडतो, किती बसतो, सगळं. थोरली नसली तरी मी धरून ठेवीन. आगाऊने फक्त माझ्याकडे बघायचं."

"तू काय मशीन आहेस?"

"नाही."

"मग?" दादा उठला. त्याचा चेहरा उजळला होता. "थोरलीच न्यायची. स्टेजवर."

आगाऊने काडी खाली ठेवली. कोकिळाने कुणीतरी हसेल म्हणून वाट पाहिली. कुणी हसलं नाही. आणि जी कल्पना ऐकून कुणी हसत नाही, ती त्या खोलीत मंजूर समजली जाई.

"आणि ऐक," दादा आवाज खाली आणून म्हणाला. "मी बोटंशी बोललोय."

बोटं म्हणजे दुसऱ्या बँडमधला एक बेसवाला. त्याच्या बेसला सहा तारा होत्या आणि तो सगळ्या वापरायचा. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी माणसं असतात, तसं त्याचं वाजवणं होतं.

"आतापर्यंत मी गप्प बसलो, घरातली म्हणून," दादा म्हणाला. "पण थोरली आली की निमित्त संपलं. लोक नाचले तर बेसवर तू. नाही नाचले तर बोटं. मग तू आत्याला मदत कर, बेस घरी वाजव, कोण नको म्हणतंय?"

धाकटीने बेसचा पट्टा खांद्यावरून काढला, परत घातला.

"नाचले तर मी," ती म्हणाली.

"नाचले तर तू."

कार्यक्रम होता दंतवैद्यांच्या वार्षिक संमेलनात. संघटनेच्या अध्यक्षांचे पांढरे कोट आत्याकडे धुवायला येत, त्या ओळखीवर तो मिळाला होता. दंतवैद्य नाचतात का, असं कोकिळाने विचारलं, तेव्हा दादा म्हणाला, "दुसऱ्याला नाचवतात तरी."

गाण्यांचा क्रम थोरलीप्रमाणे लावण्यात आला. पाणी भरेपर्यंत दादाची एकट्याची गिटार. धुणं सुरू झालं की पहिलं गाणं. खळबळून काढताना दुसरं. आणि शेवटी थोरली पाणी सोडून कपडे पिळायला सुसाट गरगरू लागली की सगळ्यात वेगवान, सगळ्यात मोठं, टाळ्या घेणारं शेवटचं. आत किती कपडे घालायचे यावरही चर्चा झाली. टॉवेलवर ठेका जड होत होता, शर्टांवर उथळ. हॉटेलच्या चादरींवर तो हवा तसा येत होता.

"चादरी सकाळी पोचवायच्यात," आत्या म्हणाली. "तिकडे धुऊन होणार असतील तर न्या. पण मी येणार. गाण्यासाठी नाही, चादरींसाठी."

सभागृहाचा व्यवस्थापक दारातच आडवा आला. चौघं जण घामाघूम होऊन एक मशीन ढकलत होते आणि मागून एक बाई चादरींचं गाठोडं घेऊन येत होती.

"हे काय आहे?"

"तालवाद्य," दादा म्हणाला.

व्यवस्थापकाने थोरलीच्या गोल काचेतून आत पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजूला झाला.

पाण्याची नळी मागच्या खोलीतल्या बेसिनला जोडली. वायर स्टेजच्या कडेच्या बोर्डात गेली. धाकटी थोरलीला पाठ लावून, टाच तिच्या पत्र्याला टेकवून उभी राहिली. समोर दंतवैद्य रांगांनी बसले होते, तोंडं मिटून. दिवसभर लोकांची उघडी तोंडं पाहिल्यावर माणूस स्वतःचं उघडत नसावा. मधली नाचायची जागा रिकामी होती आणि फार चकचकीत होती. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे, संघटनेतले सर्वांत वृद्ध दंतवैद्य, रुमालाने मान पुसत होते. शेवटच्या रांगेत बोटं बसला होता, मांडीवर बेसची पेटी घेऊन, मुहूर्त टळू नये म्हणून लवकर आलेल्या नवरदेवासारखा.

पाणी भरलं. पहिला धप्प आला आणि पहिलं गाणं उभं राहिलं. वाईट झालं नाही. दोन-चार पायांचे चवडे हलले. एका बाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली, मग काहीतरी आठवून परत उचलली. टाळ्या आल्या, सभ्य आणि कोरड्या. दादाने धाकटीकडे न बघता शेवटच्या रांगेकडे बघितलं.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर थबकायची जागा आली. थोरली थांबली. आगाऊच्या काड्या हवेत राहिल्या, दादाचा हात तारांवर, कोकिळा तोंड उघडं ठेवून. आता उलट्या दिशेचा पहिला धप्प येणार आणि सगळे एकदम पडणार.

धाकटीच्या टाचेला काही लागलं नाही.

पत्रा नुसता गार होता. त्यात रोजची ती बारीक थरथरही नव्हती, जी थोरली थांबली असतानाही असते. तिने मान वळवली. स्टेजच्या कडेला व्यवस्थापक वाकला होता. प्रमुख पाहुण्यांना उकडत होतं म्हणून त्याने एक उंच पंखा आणला होता आणि बोर्डात जागा नव्हती म्हणून एक वायर काढून ठेवली होती. त्याने पंखा चालू केला, वारा नीट येतोय का ते पाहुण्यांना खुणेने विचारलं आणि समाधानाने निघून गेला.

सभागृहात कुणीच हललं नाही. शांतता नेहमीपेक्षा लांबली. कोकिळाचे डोळे दादाकडे गेले, दादाचे थोरलीकडे. आगाऊच्या काड्या जराशा खाली आल्या. आता कुठल्याही क्षणी तो निघणार होता, एकटा, उतारावरून. त्याने धाकटीकडे पाहिलं.

धाकटीने डोळ्यांनीच त्याला सांगितलं: थांब.

तिने मनात बोळा वर चढू दिला. माथ्यावर नेला. तिथे तो रेंगाळला. चारशे मिटलेली तोंडं तिच्यासमोर होती आणि तिला कसलीही घाई नव्हती. तिने तो पडू दिला. कुणालाच ऐकू आला नाही. मग तिने त्याला बसू दिलं.

आणि तेव्हा तिने तो एकच सूर टाकला, खालचा, जाड, आणि पुढच्याला जागा करून देत मिटवला.

आगाऊ त्या जागेत पडला. नेमका. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठेतरी वेळेवर पोचला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. दादाची गिटार त्यावर आली, कोकिळाचा घोगरा आवाज त्यावर. सभागृहात कुणीतरी "हाः" असा आवाज केला, दाढ निघाल्यावर करतात तसा.

सगळ्यात आधी प्रमुख पाहुणे उठले. त्यांना कदाचित उठायचं नव्हतं. त्यांचे गुडघे उठले आणि ते सोबत गेले. ते चकचकीत जागेच्या मधोमध उभे राहिले, एक खांदा खाली, मग दुसरा खाली, चेहरा पूर्ण गंभीर. मग पर्सवाल्या बाई आल्या, पर्ससकट. मग एका रांगेतले सगळे एकदम, कारण मधल्याला बाहेर पडायचं होतं. मग अध्यक्ष. पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालत राहिला.

शेवटच्या गाण्यात ठरल्याप्रमाणे वेग यायला हवा होता. आगाऊचा पाय उचलला गेला. धाकटीने आपले सूर आणखी आखूड केले, त्यांच्यामधली जागा आणखी मोठी, आणि आगाऊचा पाय त्या जागेत परत येऊन बसला. गाणं धावलं नाही. ते जड होत गेलं, रुंद होत गेलं, सगळ्यांना पुरेल एवढं. बोटंची पेटी खुर्चीवर एकटी पडली होती. बोटं स्वतः खांबाला धरून, डोळे मिटून मान हलवत होता, आणि त्याची बोटं एकदाची स्वस्थ होती.

संपलं तेव्हा दंतवैद्यांचे सगळे दात दिसत होते.

"ही आमची थोरली!" दादा माईकमध्ये ओरडला आणि मशीनकडे हात केला. "थोरलीसाठी टाळ्या!"

सभागृहाने उभं राहून वॉशिंग मशीनला टाळ्या दिल्या. प्रमुख पाहुण्यांनी पुढे येऊन तिच्या पत्र्यावर थाप मारली. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ कुणाला द्यावा हे न कळून तिच्या डोक्यावर ठेवला. धाकटी तोवर बाजूला सरून तिच्याआड उभी होती. तिने घामेजलेले हात जीन्सला पुसले आणि तीही टाळ्या वाजवू लागली.

पडदा ओढल्यावर आगाऊ काड्या गुंडाळत तिच्याजवळ आला.

"कधी बंद पडली, मला कळलं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग निघाला का नाहीस?"

"तू थांब म्हणालीस ना."

दादा अजून तरंगत होता. "आता दर कार्यक्रमाला न्यायची! चाकं लावू, नाव रंगवू. आणि धाकटे, तूही ठीक वाजवलंस हं. बोललोय तसं. लोक नाचले."

"आधी माझ्या चादरी काढ," आत्या म्हणाली.

दादाने थोरलीचं पोलादी दार उघडलं आणि पाणी त्याच्या बुटांवर आलं.

अजून साबण असलेलं पाणी होतं, गार, भरपूर. ते स्टेजभर पसरलं. दादा लाँड्रीत वाढला होता. पिळून झालेली चादर हाताला कशी लागते ते त्याला झोपेतही कळलं असतं, आणि न पिळता पाण्यात पडलेली कशी लागते तेही. त्याने आत हात घातला, तसाच ठेवला. मग त्याची नजर जमिनीवरून वायरीवर गेली, वायरीवरून बोर्डाकडे, बोर्डावरून पंख्याकडे. पंखा चालूच होता.

आत्याने एकदा चादरींकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. "कितव्या गाण्यापासून?" तिने विचारलं.

"दुसऱ्या."

"हं," आत्या म्हणाली, आणि थोरलीच्या डोक्यावरचा पुष्पगुच्छ उचलून धाकटीच्या हातात देत म्हणाली, "हा बाजूला ठेव, भिजेल."

पडद्यातून बोटं आत आला, पेटी कडेला घेऊन. "दादा, भारीच झालं. मग पुढच्या महिन्याचं आपलं..."

"जागा नाहीये," दादा म्हणाला. तो वळला नाही.

बोटंने धाकटीकडे बघून मान झुकवली आणि तो गेला.

दादाने पहिली चादर बाहेर ओढली. ती मोठी होती आणि पाण्याने शिशासारखी जड झाली होती. त्याने एक टोक स्वतःकडे ठेवलं आणि दुसरं न बोलता बहिणीपुढे धरलं. दोघं मागे मागे सरकले. चादर त्यांच्यामध्ये ताठ झाली, तिच्यातून थेंब गळू लागले. दादाने मुठी आवळल्या, पीळ द्यायला मनगटं वळवली, आणि थांबला.

"सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील तेव्हा."

धाकटीने आधी मनातला बोळा पडू दिला, बसू दिला.